मागच्या गल्लीतली ढकलगाडी

उजाडायच्या आत मैल्याची गाडी गावाबाहेर गेली पाहिजे, एवढं एक सांभाळलं की नगरपालिकेच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरला कुणी काही विचारत नसे. गाडीला उशीर झाला आणि बाजारातून जाताना ती कुणाला दिसली, की मात्र दुपारपर्यंत तक्रार टेबलावर यायची. सत्तरच्या दशकात काही वर्षं मी ती नोकरी केली. ते गाव आज वाशीम जिल्ह्यात मोडतं. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता आणि वाशीम हे नुसतं तालुक्याचं ठिकाण. गावाचं नाव इथं लिहीत नाही. जे झालं ते त्या काळी आसपासच्या कुठल्याही लहान गावात होऊ शकलं असतं.

माझं मूळ घर वाशीमच्या शिवेवरचं. वडिलांची भाजीपाल्याची बागाईत होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. आमच्या मळ्यात नगरपालिकेच्या डेपोतून, मैला कुजवून केलेल्या सोनखताच्या बैलबंड्या यायच्या. ते खत कुठून येतं, कुणाच्या हातून येतं, हे घरात कुणी बोलत नसे. वांगी मात्र त्यावर अशी धरायची की व्यापारी मळ्यात येऊन घेऊन जात. पुढं मी नागपूरला सॅनिटरी इन्स्पेक्टरचा कोर्स केला आणि नोकरी लागली, तेव्हा आईला आनंद झाला आणि लगेच तो मावळलाही. सुट्टीला घरी गेलो की ती मला आधी विहिरीवर पाठवायची. अंगावरून पाणी घेतल्याशिवाय चुलीपाशी येऊ द्यायची नाही. मी म्हणायचो, मी नुसता हजेरी घेतो. ती म्हणायची, "त्या हवेत तं राह्यतंस ना बापा."

गावात तेव्हा बहुतेक घरांत कोरडे संडास होते. घराच्या मागच्या भिंतीला खाली एक पत्र्याची झडप असायची आणि आत डबा. मागच्या अरुंद गल्लीतून सफाईवाली बाई यायची, झडप उघडून डबा ओढायची, रिकामा करायची, आत राख टाकून परत सरकवायची. घरातल्या लोकांनी तिला पाहू नये आणि तिनं घरातल्यांना, अशीच ती गल्ल्यांची रचना होती. माझ्या आधी काही वर्षांपर्यंत या बाया तो मैला पाटीत भरून डोक्यावरून वाहत. मग सरकारी पैशातून झाकणाच्या ढकलगाड्या आल्या. आमचे जमादार, म्हणजे सगळ्या सफाई कामगारांचे मुकादम, साठीला टेकलेले होते. ते त्या दिवसाची गोष्ट एखाद्या लग्नाची सांगावी तशी सांगत. बायांनी गाड्यांच्या दांड्यांना हळदकुंकू लावलं होतं. एकीनं तर पाटी नाल्यात फेकून दिली आणि दुसऱ्या दिवशी घरचे गहू भरून ठेवायला काही नाही म्हणून रडली.

"ती पाटी घरात वापरत होती?" मी विचारलं होतं.

"नाई साहेब, ते दुसरी होती. रागाच्या भरात दोनी फेकल्या तिनं."

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी कोरडे संडास काढून पाण्याचे संडास बांधायला सरकारचं अनुदान मंजूर झालं. घरमालकानं थोडं घालायचं, बाकी सरकार. प्रत्येक घराला विटांचा खोल खड्डा, वर चिनी मातीचं भांडं. नगराध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. ते जैन समाजातले कापडाचे व्यापारी, शांत माणूस, सकाळी मंदिरात गेल्याशिवाय दुकान न उघडणारे. व्यापारी गल्लीतच त्यांचं घर होतं.

"सुरुवात आमच्या गल्लीपासून करू," ते म्हणाले. "स्वतःच्या घरी न करता लोकायले कोणत्या तोंडानं सांगावं? पण इन्स्पेक्टर, एक ध्यानात ठेवा. बांधकाम सुरू असलं तरी गावाचं रोजचं काम एक दिवसही बंद पडलं नाई पाह्यजे."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी हवेत होतो. या नोकरीत आपल्या हातून होण्यासारखं जर काही असेल तर ते हेच, असं मला वाटत होतं. मी तडक जमादारांकडे गेलो. नीट ऐकून घेतल्यावर त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं आणि मग विचारलं, "काम सुटन हे तं लय चांगलं आहे साहेब. पन ज्याइचं सुटन त्याइनं खायाचं काय?"

"त्यांना रस्ते झाडायच्या कामावर घेऊ. अध्यक्ष म्हणाले आहेत."

"म्हनले," जमादार म्हणाले. "बरं."

व्यापारी गल्ली ज्या बाईकडे होती तिला ती सासूकडून आलेली होती. सफाई कामगारांच्या वस्तीत गल्ल्यांची अशीच वाटणी असे. नगरपालिकेचा तुटपुंजा पगार आणि त्या त्या घरांकडून भाकरी, सणाचं गोडधोड, लग्नकार्यात साडी. बाई चाळिशीची असावी. नवरा पूर्वी मैल्याची गाडी हाकायचा, आता दम्यानं घरी बसलेला. ती कमी बोलायची. गाव तिच्या वस्तीला ज्या नावानं ओळखायचं ते नाव मी कधी तिच्या तोंडून ऐकलं नाही. ती "आमची लाइन" म्हणायची. वस्तीतले लोक घरात हिंदी बोलत आणि गावात वऱ्हाडी. मी तिला पाण्याच्या संडासांचं सांगितलं तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, "सगळ्याच घरी व्हईन?"

"सगळ्याच."

"मंग चांगलं आहे," ती म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

मंगरूळपीरकडून गवंड्यांची टोळी आली आणि काम सुरू झालं. त्या घरांना मागं अंगण नव्हतं. खड्डे खणायचे तर मागच्या गल्लीतच. नकाशात गल्ली होती, खड्डे होते, भांडी होती; त्या गल्लीतून रोज एक ढकलगाडी जाते हे नकाशात कुठंच नव्हतं, आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कंत्राटदारानं सोयीचं म्हणून गल्लीच्या तोंडापासून खणायला घेतलं. पहिल्याच दिवशी मुरूम आणि विटांच्या राशींनी गल्ली तुंबली. आतल्या घरांचे जुने संडास तर चालूच होते. ते एका दिवसात थोडेच बंद होणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेरीला निघालो तर ढकलगाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि बाई आतून येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. खड्ड्यांच्या कडेवरून, मातीच्या ढिगावर पाय रोवत ती येत होती. अंगावर गळू नये म्हणून मान ताठ धरलेली. माझ्याजवळ आली तेव्हा ती थांबली नाही. पाटी गाडीत उलटी केली आणि परत आत गेली.

मी कंत्राटदाराला गाठलं. तो म्हणाला, आधी सांगायचं होतं. मी म्हटलं, गल्ली मोकळी करा. तो म्हणाला, मग माती काय माझ्या डोक्यावर ठेवू?

असे काही दिवस गेले. काम थांबलं नव्हतं. बांधकामही चालू होतं आणि गावाचं रोजचंही. अध्यक्षांनी सांगितलं होतं तसंच. फक्त त्यासाठी जी पाटी या गावातून उठली होती ती परत आली होती, आणि ती मी आणली होती. बाईनं तक्रार केली नाही. तक्रार केली ती बाकीच्या बायांनी. आज हिच्या डोक्यावर आली, उद्या तुमची गल्ली खणली की तुमच्या, असं त्यांना दिसत होतं.

एका संध्याकाळी जमादार मला वस्तीत घेऊन गेले. निंबाच्या झाडाखाली बाया बसल्या होत्या, पुरुष मागं उभे होते. मला खुर्ची दिली. व्यापारी गल्लीची बाईच उठली.

"साहेब, कामाले आमी नाई म्हनत नाई," ती म्हणाली. "जिथं गाडी जाईन तिथं जाऊ. डोक्यावर घेनार नाई. हे सगळ्याइचं आहे, एकल्या माह्यं नाई."

"पण बाई, दोनचार महिन्यांचा प्रश्न आहे. त्यानंतर हे कामच राहणार नाही."

"तुमच्यासाठी दोनचार महिने," ती म्हणाली. "माह्या सासूची मान वाकडी झाल्ती. मले पाह्यलं तुमी त्या ढिगावरून येतानी?"

मी पाहिलं होतं.

"आनखी एक," जमादार म्हणाले. "ज्याचं काम सुटलं त्याले झाडूची डूटी भेटन, हे कोनी तरी लिहून द्यावं."

दुसऱ्या दिवसापासून व्यापारी गल्लीचे डबे उचलले गेले नाहीत. गावाच्या बाकी गल्ल्या नेहमीसारख्या साफ होत होत्या. गावातल्या सगळ्यात पैसेवाल्या घरांच्या मागं मात्र माशा घोंघावायला लागल्या. दुकानांत अगरबत्त्यांचे पुडेच्या पुडे जळत होते. माझ्याकडे माणसं येऊ लागली. एक म्हणाला, दोघींना कामावरून काढा, बाकीच्या येतील सरळ. एक म्हणाला, कामरगावहून दुसऱ्या बाया आणा. तो स्वतः कुणाला आणायला गेला नाही.

अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. नाकाला उपरणं लावूनच बसले होते.

"इन्स्पेक्टर, मी तुमाले काय सांगतलं होतं?"

"साहेब, एकतर गल्ली खणणं थांबवायचं नाहीतर त्यांच्याकडून पाटी उचलवून घ्यायची. त्या पाटी उचलणार नाहीत, आणि मला वाटतं त्यांनी उचलू नये."

"तुमाले वाटते," ते म्हणाले. मग नाकावरचं उपरणं सारखं केलं. "काम अर्धवट सोडता येत नाई. अनुदान परत जाईन. रस्ता काढा."

मी आणि कंत्राटदार दिवसभर त्या गल्लीत भांडलो. शेवटी ठरलं ते असं: खणलेले खड्डे तात्पुरते फळ्यांनी झाकायचे, आणि काम गल्लीच्या बंद टोकापासून तोंडाकडे आणायचं. शेवटच्या दोनतीन घरांचं पुरं करून माती बाहेर काढायची, मगच पुढची घरं. ढकलगाडीला काम चालू असेल तिथपर्यंत रोज जाता येईल. कंत्राटदाराचं नुकसान होतं, त्याची टोळी अधूनमधून बसून राहणार होती. तो अध्यक्षांकडे रडत गेला आणि अध्यक्षांनी त्याला काहीतरी कबूल केलं असावं, कारण तो परत आला.

पहिल्या दिवशी माती उचलायला माणसं मिळेनात. डेपोवरचे दोन गडी आणि मी, आम्ही फावडी घेऊन गल्ली मोकळी केली. मी माती उपसतोय हे बघायला माड्यांवर माणसं उभी होती. त्यात मोठेपणा काही नव्हता. मैल्याला मी हात लावला नाही, आणि मी लावावा असं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही.

दुसऱ्या सकाळी बाई ढकलगाडी घेऊन आत गेली. आता नवीन अडचण निघाली. ज्या घराचं काम चालू, त्या घरच्या माणसांनी तेवढे दिवस जायचं कुठं? शेजाऱ्याकडे, असं मी ठरवलं होतं. शेजारी ऐकायला तयार नव्हते. एका भिंतीला भिंत लागून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं, एकमेकांच्या पंगतीला बसणारी, पण संडास म्हटलं की दार लावून घेत होती. तेव्हा अध्यक्षांच्या पत्नीनं एक केलं. त्या फार कमी दिसायच्या. त्यांनी आपल्या घराच्या बाजूचं दार उघडं ठेवलं आणि गल्लीतल्या बायांना निरोप धाडला की आमच्याकडं या. घरात यावरून काय बोलणी झाली ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर पदर घेतलेल्या बाया हातात तांब्या घेऊन त्या दाराशी येऊ लागल्या, आणि त्यानंतर बाकीच्यांनाही आपली दारं बंद ठेवायची लाज वाटली असावी.

अशी ती गल्ली हिवाळ्यापर्यंत पुरी झाली. शेवटची झडप विटांनी बुजवली त्या दिवशी बाई ढकलगाडी घेऊन आली होती. गवंडी चुना लावत होता. ती थोडा वेळ पाहत उभी राहिली आणि रिकामी गाडी घेऊन परत गेली.

रस्ते झाडायच्या कामाचं मात्र लवकर जमलं नाही; लिहून तर कुणी दिलंच नव्हतं. वरून पत्र आलं की नवीन पदं मिळणार नाहीत. उलट संडास कमी झाले तर माणसंही कमी करा. मी अध्यक्षांकडे पुन्हा पुन्हा गेलो. शेवटी त्यांनी आपल्या अधिकारात तिला रोजंदारीवर घेतलं. बसस्टँड ते धान्य बाजार एवढा रस्ता तिला मिळाला. भाकरी देणारी घरं सुटली होती आणि रोजी त्या मानानं थोडीच होती. तरी ती सकाळी पिवळी साडी नेसून झाडताना दिसायची. पूर्वी मी तिला कधी पिवळ्या साडीत पाहिलं नव्हतं. एकदा मी विचारलं, कसं काय चाललं आहे? ती म्हणाली, "पोरीच्या शाळेपुढून झाडत जातो साहेब. ते मैत्रिणीयले सांगते, हे माही माय."

मग उन्हाळा आला. आमच्या भागात चैत्रापासून विहिरी तळ दाखवतात. नळ एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड येऊ लागले. प्यायला पाणी पुरेना तिथं संडासात बादली कोण ओतणार? लोक तांब्याभर पाणी टाकत आणि त्यातच राख टाकत, जुन्या सवयीनं. भांडी तुंबली. व्यापारी गल्लीतल्या एका पाठोपाठ एका घरातून माणसं येऊ लागली. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, आमची बाई पाठवा.

मी सांगायचो, ती आता त्या कामावर नाही. ते म्हणायचे, मग कोण आहे? पाण्याच्या संडासांना माणूस लागणार नाही असं गृहीत धरूनच तर ते बांधले होते.

एके सकाळी अध्यक्षांचा शिपाई आला. त्यांच्या स्वतःच्या घरचा संडास तुंबला होता, घरात पाहुणे होते. निरोप होता, फक्त आजच्या दिवस बाईला पाठवा. मी बसस्टँडवर गेलो. ती मोटारींच्या मधून झाडत होती. मी निरोप सांगितला.

तिनं झाडू उभा धरला. "तुमी सांगून राह्यले का अध्यक्ष?"

"अध्यक्ष."

"मंग अध्यक्षाले सांगा, ते काम सुटलं म्हून तुमीच सांगतलं. सुटलं म्हंजे सुटलं. एकडाव गेली तं रोज जा लागन."

"तू रोजंदारीवर आहेस. ते उद्या बंदही करू शकतात."

"करू द्या," ती म्हणाली आणि खाली वाकून झाडायला लागली.

मी अध्यक्षांकडे गेलो आणि तिचा नकार सांगितला. ते संतापतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तिचं चूक नाई. पन मंग कोन करीन, ते तरी सांगा." एवढ्यात आतून कुणीतरी सांगत आलं की माणूस आला आहे, काम चालू आहे.

मी मागच्या बाजूला गेलो. जमादार होते; शिपायाचा निरोप त्यांनीही ऐकला असावा. धोतर खोचलेलं, हातात लांब बांबू आणि त्याला बांधलेली गोणपाटाची चिंधी. मुकादम झाल्यापासून इतक्या वर्षांत त्यांनी ते काम हातानं केलं नव्हतं. घामानं चिंब झाले होते.

"जमादार, तुम्ही काहून आलात?"

"तिले कायले पाठवता साहेब?" ते धापा टाकत म्हणाले. "तिचं सुटलं. एकाचं तरी सुटू द्या. मी आता म्हातारा झालो, माह्यं काय."

मला त्या वेळी गलबलून आलं. या माणसानं एका बाईसाठी आपली मुकादमी बाजूला ठेवली, असं मी मनाशी म्हणत घरी गेलो आणि बायकोलाही तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी बाई सगळ्यांच्या देखत जमादारांपुढं जाऊन उभी राहिली. मी तिला इतकं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"तुमी कायले गेले?"

"तुह्यासाठीच गेलो व."

"माह्यासाठी? म्या नाई म्हनलं होतं. काय झालं असतं? रोजी गेली असती. घान तशीच राह्यली असती. चार दिवस राह्यली असती तं त्याइनं पान्याचं काई केलं असतं. तुमी गेले अन्‌ त्याइचं काम झालं. आता गावाले मालूम पडलं, एक नाई म्हनली तं दुसरा येते. मंग माह्यं नाई म्हननं काय कामाचं राह्यलं?"

जमादार खाली पाहत राहिले. आदल्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलेली गोष्ट मला तिथं उभ्या उभ्या वेगळी दिसायला लागली.

आणि तसंच झालं. त्या आठवड्यापासून लोक माझ्याकडे यायचे बंद झाले. ते थेट वस्तीत जाऊ लागले. वस्तीतल्या ज्याच्या घरी पैशाची अडचण होती तो पुरुष चार पैशांसाठी बांबू घेऊन जायचा. जे काम पूर्वी मागच्या गल्लीतून, झडपेतून होत होतं ते आता घरात शिरून, भांड्यात हात घालून होऊ लागलं. ते नगरपालिकेचं काम नव्हतं, म्हणून त्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

मी जे करता येईल ते केलं. रस्त्यावर पाणी शिंपडायची नगरपालिकेची बैलाची टाकी होती. ती मी डेपोजवळच्या विहिरीवर भरून व्यापारी गल्लीत फिरवायला लावली आणि प्रत्येक घरी एक टीप, म्हणजे पाण्याचं पिंप, ठेवायला सांगितलं. अध्यक्षांनी मला साथ दिली. स्वतःच्या घरापुढं टीप सगळ्यात आधी त्यांनी ठेवली. रस्त्यावर धूळ उडते म्हणून मग बाजारातल्या दुकानदारांनी तक्रारी केल्या. टाकी कधी विहिरीवर अडकायची, कधी बैल आजारी पडायचे. काही घरांत लोकांनी विटा फोडून जुनी झडप उघडली आणि डबा परत ठेवला. मी नोटिसा दिल्या. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "इन्स्पेक्टर साहेब, जुनं बरं होतं असं मी म्हनत नाई. पन जुनं चालत होतं."

मृग लागला, विहिरी भरल्या आणि त्या वर्षापुरती ओरड थांबली. पुढच्या गल्लीच्या लोकांनी मात्र आपल्या इथं खणू द्यायला नकार दिला. आमच्या व्यापाऱ्यांचे हाल त्यांनी पाहिले होते. योजना रेंगाळली. गावाचा काही भाग नवा, बराच भाग जुना, आणि दोन्हींना पुरतील एवढी माणसं कधीच नव्हती. मी सकाळी जुन्या भागाची हजेरी घ्यायचो आणि दुपारी नव्या भागाचे कागद भरायचो. कुणी विचारलं तर मी सांगायचो, काम चालू आहे.

बाईची रोजंदारी अध्यक्षांनी बंद केली नाही. पुढं दीडेक वर्षानं झाडू कामाची काही पदं मंजूर झाली आणि त्यात ती कायम झाली. तो आदेश मीच तिला वाचून दाखवला. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावला आणि पदराच्या टोकात बांधून नेला. त्या दिवसाचा मला आनंद आहे. पण त्या आदेशात वस्तीतल्या बाकीच्या पुष्कळ बायांचा काही उल्लेख नव्हता. त्या ढकलगाड्या घेऊन जुन्या गल्ल्यांत जातच होत्या, आणि त्यांचे नवरे व दीर बांबू घेऊन नव्या घरांत.

जमादारांशी ती बोलत नसे. हजेरीला यायची, नाव पुकारलं की हात वर करायची आणि झाडू घेऊन निघून जायची. वस्तीत शेजारी राहून इतके दिवस कसं कुणी न बोलता राहतं, याचं मला नवल वाटायचं. जमादारांनी स्वतः मध्ये कुणाला घातलं नाही. फक्त एकदा, डेपोवर सोनखताचे ढीग मोजत असताना, मला म्हणाले, "ते बरोबर बोलली साहेब. पन मले तवा असं वाटलं का, घान तं कोनी तरी काढलीच पाह्यजे. सारी उमर हेच शिकलो."

निवृत्तीनंतर ते अकोल्याला मुलीकडे राहायला निघाले. मी त्यांना पोचवायला बसस्टँडवर गेलो होतो. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं. वस्तीतले बरेच लोक आले होते. बाई तिथंच होती, तिची ड्यूटी होती. ती झाडत झाडत फलाटाच्या कडेला आली आणि थांबली. जमादार खिडकीशी बसले होते. त्यांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "बाई, माह्या हातून चूक झाली का व?"

कंडक्टरनं घंटी मारली. मग ती म्हणाली, "हात आत घ्या. मोटार सुटून राह्यली."

मोटार गेली. तिनं फलाटावरचा शेंगांच्या टरफलांचा ढीग गोळा केला, टोपलीत भरला आणि पुढं धान्य बाजाराकडं गेली. मी नगरपालिकेत परत आलो. दुसऱ्या दिवशी हजेरीला नावं पुकारायला नवीन जमादार नव्हता, म्हणून ती मीच पुकारली, आणि उजाडायच्या आत गाडी गावाबाहेर पडली.